तळ्यांच्या मुलखात सायकलवरून

लहानपणी 'मामा तलाव' हा शब्द कानावर पडला की मला तो आपल्याच मामांचा तलाव वाटत असे. आमचे आजोळ अर्जुनी मोरगाव तालुक्यात. गावाच्या वरच्या अंगाला तलाव, तलावाच्या पाळीवर आंब्याची जुनी झाडे आणि त्या झाडांखाली बसून बिडी ओढणारे मामा. तेव्हा तलाव त्यांचाच, यात शंका घ्यायला मला जागाच नव्हती. पुढे शेजारच्या गावातल्या तलावालाही लोक मामा तलावच म्हणतात हे कळले, तेव्हा मामांच्या श्रीमंतीविषयीचा माझा आदर दुपटीने वाढला! 'मामा' म्हणजे 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची आद्याक्षरे, सरकारी कागदांतून लोकांच्या तोंडी बसलेली, हा उलगडा मला महाविद्यालयात आल्यावर झाला. तोपर्यंत तळ्यांच्या या मुलखात मी दर सुट्टीत जात होतो, पण त्या मुलखाची रचना मला ठाऊक नव्हती. ती कळली सायकलमुळे. म्हणून या लेखात सायकल आणि तळी या दोन्ही गोष्टी एकत्र येणार आहेत. वाचकांनी त्याबद्दल कुरकुर करू नये.

२०२४ च्या दिवाळीनंतर भाऊबीज आटोपली आणि मी आजोळी गेलो. मामांच्या ओसरीवर आजोबांच्या वेळची एक काळी, उंच, बिनगिअरची सायकल धूळ खात उभी होती. घरात दोन मोटारसायकली आल्यापासून तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. तिची चाके फिरती केली, ब्रेकचे रबर बदलले, चेनला तेल दिले, मागे कॅरिअरवर एक चादर आणि चिवड्याचा डबा बांधला आणि पाच दिवस त्या भागातल्या आडरस्त्यांनी हिंडलो. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर, याहून जास्त नाही. हा पराक्रम नव्हे. आपल्या क्रीडाविभागाने दखल घ्यावी असे त्यात काही नाही. त्या वेगाने काय दिसते, एवढेच मला सांगायचे आहे.

हा मुलूख म्हणजे गोंदिया, भंडारा आणि त्यांना लागून असलेला चंद्रपूर-गडचिरोलीचा काही भाग. लोक त्याला 'झाडीपट्टी' म्हणतात. भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणण्याची जुनी रीत आहे. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तलावांचीही वाटणी झाली. या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव मोजले गेले आहेत. त्याखेरीज शेताशेतांतल्या लहान बोड्या निराळ्या. नकाशावर हे सारे निळे ठिपके दिसतात. मोटारीतून जाताना तेही दिसत नाही, कारण तलाव बहुधा पाळीच्या पलीकडे असतो आणि मोटारीतला माणूस पाळीच्या अलीकडून निघून जातो.

सायकलवाल्याचे तसे नाही. त्याला पहिल्या दिवशी दमछाक होते आणि दुसऱ्या दिवशी तिचे कारण समजते. हा प्रदेश वरवर सपाट आहे. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मध्ये डांबराची अरुंद पट्टी, कडेला मुरूम. तासाला बारा-तेरा किलोमीटरच्या चालीने आपण जात असतो आणि एकाएकी समोर आखूड पण तीव्र चढ येतो. बिनगिअरच्या सायकलवर बूड उचलून, दोन्ही पायांवर उभे राहूनच तो चढावा लागतो. माथ्यावर पोचावे तो पलीकडे पाणी! पहिल्या दिवशी मी हे योगायोगावर सोडले. तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात आले की हा चढ म्हणजे टेकडी नाहीच, ती तलावाची पाळ आहे. गावाचा रस्ता पाळीवरून नेलेला असतो, कारण पावसाळ्यात चहूकडे चिखल झाला तरी पाळ कोरडी राहते. त्यानंतर मी मनाशी एक सूत्रच केले : चढ आला की तळे आले. पाच दिवसांत ते एकदाच चुकले, आणि त्या वेळी तो रेल्वेचा भराव निघाला.

हे सूत्र हाती आल्यावर पुढचे आपोआप उलगडत जाते. रस्त्यावर एक क्रम पुन्हा पुन्हा येतो. आधी जंगल : ऐन (इकडे त्याला येन म्हणतात), धावडा, मोह, तेंदू, कुठे बांबू. मग जंगल विरळ होऊन उतरत गेलेली जमीन, तिच्या तळाशी पाणी, मग पाळ, पाळीच्या खाली गाव, गावाखाली धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की पुन्हा जंगल किंवा पुढच्या तलावाचा येवा. दर तीन-चार किलोमीटरला हा क्रम नव्याने सुरू होतो. डोळे मिटूनही तो ओळखता येईल. जंगलात हवा कोरडी असते आणि पाचोळ्याचा आवाज येतो. पाळीवर गार वारा अंगावर येतो. बांध्यांमधून जाताना ओल्या मातीचा आणि पिकलेल्या धानाचा वास येतो. (डोळे मात्र मिटू नयेत. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दोन्ही रस्त्यावर असतात.)

हा क्रम कोणी ठरवला? त्याचे उत्तर अर्धे पावसात आणि अर्धे दगडात आहे. या भागात वर्षाला साधारण बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा ऐकून हेवा वाटेल. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, आणि खाली कठीण, प्राचीन स्फटिकी खडक असल्यामुळे जमिनीत फारसा मुरत नाही. पडला तसा वाहून जातो. धानाचे पीक मात्र असे की, त्याला शेवटी शेवटी, लोंबीत दाणा भरण्याच्या वेळी, पाणी हवेच असते. रोवणी झाली, पीक वाढले, आणि ऐन हस्ताच्या सुमारास पावसाने पाठ फिरवली, तर सगळे वर्ष पोचट दाण्यात जाते. म्हणजे इथल्या शेतकऱ्याला बारमाही पाणी नको होते. त्याला सप्टेंबर-ऑक्टोबरात एक-दोन वेळा खात्रीने मिळणारे पाणी हवे होते. तेवढ्यापुरते साठवणे हेच या तलावांचे मूळ काम. आणि किंचित उंचसखल असलेली ही जमीन त्या कामाला फार सोयीची. दोन उंचवट्यांमधली खोलगट जागा हेरायची आणि तिच्या तोंडाशी मातीची पाळ घालायची.

ही जागा हेरण्याचे कसब ज्यांच्याकडे होते ते लोक म्हणजे कोहळी. चांद्याच्या गोंड राजांपैकी एक काशीयात्रेला गेला असता तेथील तळी बांधणारे लोक त्याने आपल्याबरोबर आणले, अशी कथा या समाजात सांगतात. कथेतले खरेखोटे इतिहासाच्या प्राध्यापकांनी पाहावे. मात्र गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला जमिनी आणि गावे मिळत गेली, आणि कोहळ्यांनी तलावांच्या पाण्यावर धान व ऊस पिकवला, याबद्दल दुमत दिसत नाही. यंत्र नाही, दुर्बीण नाही, आणि तरीही पाणी कुठून येईल, कुठे थांबेल, जास्त झाले तर कुठून निघून जाईल, याचा त्यांचा अंदाज इतका नेमका होता की जुन्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही लेखी तारीफ केली आहे.

तलावाचे शरीर साधे असते. मातीची पाळ. तिच्या एका टोकाला, पाळीपेक्षा थोड्या कमी उंचीवर, जादा पाणी निघून जाण्याची वाट; तिला सलंग म्हणतात. आणि पाळीच्या पोटातून शेताकडे पाणी सोडणारे तोंड, ते तुडुम. जुन्या तुडुमाला एकावर एक अशी भोके असतात आणि त्यांत लाकडी बुचे मारलेली असतात. पाण्याची पातळी उतरेल तसतसे वरून एकेक बूच काढत यायचे. त्यामुळे शेतात जाते ते वरचे निवळ पाणी, आणि पाण्याचा जोरही आटोक्यात राहतो. मी एक जुने तुडुम वाकून वाकून पाहिले. त्यात बिघडण्यासारखे जवळजवळ काहीच नाही, हे पाहून मला आमच्या वसतिगृहातल्या नळांची आठवण झाली. असो.

सलंगातून निघालेले पाणी वाया जात नाही, ही यातली सर्वांत सुंदर गोष्ट. ते खालच्या गावाच्या तलावात जाते. त्याचा सलंग भरला की त्याच्या खालच्या. सायकलवर उताराने जाताना तुम्ही नकळत याच साखळीने जात असता. एका दुपारी मी मुद्दाम एका सलंगाच्या ओहोळाला धरून निघालो. पाऊलवाटा, बांध्यांचे धुरे, एके ठिकाणी सायकल खांद्यावर, असे करीत साधारण दोन तासांत तीन तलाव ओलांडले. तिन्ही गावांची नावे वेगळी, ग्रामपंचायती वेगळ्या, पण पाणी एकच. वरच्या गावाने पाळ उंचावली तर खालच्या गावाचे काय होईल, हे कळायला मग पुस्तक लागत नाही.

मालगुजारीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती पुढे लागणार आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागात जमाबंदी केली, तेव्हा सारा गोळा करणाऱ्या पाटलांना गावांचे मालक ठरवले. ते मालगुजार. तलावही त्यांच्या नावावर आले. परंतु गावकऱ्यांचे पाणी, चराई, मासळी, लाकूडफाटा यांवरील वहिवाटीचे हक्क, म्हणजे निस्तार, नोंदून ठेवलेले होते, आणि पाळीवर माती घालणे हे गावाचेच काम होते. त्या वेळी हा भाग जुन्या मध्य प्रदेशात होता. तेथील विधिमंडळाने १९५० मध्ये मालगुजारी रद्द करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारचे झाले. मालगुजारीत जुलूमही होता. ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण तिच्याबरोबर एक प्रश्नही मागे राहिला : आता पाळीवर माती कोणी घालायची? १९५६ साली हा भाग मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. तलाव एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे, काही जिल्हा परिषदेकडे गेले. गाळ मात्र जागच्या जागीच राहिला, आणि दरवर्षी वाढत गेला.

दुसऱ्या दिवशी मी नवेगावबांधला पोचलो. गोंदियाहून हे सुमारे पासष्ट किलोमीटर. माझ्या आजोळाहून सकाळची एक रपेट. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला असे सांगतात. भोवतालच्या टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात, बांध घालायला त्यांनी दैवी साहाय्य केले अशी समजूत आहे, आणि कोलू पाटील स्वतः 'कोलासुर' या नावाने देव होऊन एका टेकडीवर बसले आहेत. पाटबंधारे बांधणाऱ्याचा देव होतो असा मुलूख मला दुसरा ठाऊक नाही. तलावाच्या मध्यावर मालडोंगरी नावाचे बेट आहे. मी पोचलो तेव्हा थंडीचे पाहुणे पक्षी नुकते यायला लागले होते. वारकरी मात्र बरेच होते. काळे अंग, कपाळावर पांढरा टिळा, थव्याने चालणारे. हे नाव ज्याने ठेवले त्याला मनोमन दाद दिली. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी तुरुतुरु चालत होते, आणि अडया शीळ घालीत डोक्यावरून गेल्या.

नवेगावबांध म्हटले की मराठी वाचकाला मारुती चितमपल्ली आठवणारच. वनाधिकारी म्हणून ते येथे राहिले, आणि 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकाचे नावच या गावावरून आले. येथील माधवराव पाटील डोंगरवार हे त्यांचे मित्र. जंगलाची पुष्कळशी विद्या आपण त्यांच्याकडून शिकलो, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. म्हणजे आपण ज्याला चितमपल्लींचे ज्ञान म्हणतो त्यातला काही भाग तलाव बांधणाऱ्या घराण्यातून आलेला आहे. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी ते गेले. मी तलावावर बसलो होतो त्या वेळी ते हयात होते. परत जाऊन त्यांना एक पत्र लिहावे असे मनात आले होते, ते राहून गेले.

तेथून इटियाडोहकडे गेलो. हे धरण निराळ्या काळातले. गाढवी नदीवर १९७० च्या सुमारास बांधलेले, आणि आकाराने मालगुजारी तलावांच्या कितीतरी पट. इथे चढाचे सूत्र चालत नाही, कारण धरण लांबूनच दिसते. जवळच गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग नावाची, १९७२ साली वसवलेली. धानाच्या बांध्यांमधून सायकल दामटत असता एकाएकी रंगीत पताकांच्या माळा आणि बौद्ध मठाचे छप्पर दिसते, तेव्हा आपण रस्ता चुकून भलतीकडे आलो की काय असे वाटते. हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकायला बसणारी तिबेटी मंडळी आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती उन्हाळ्या-पावसाळ्यात कुठे असतात, याचे एक उत्तर इथे मिळते. मी गेलो तेव्हा घरे बरीचशी बंद होती; माणसे स्वेटरच्या हंगामाला बाहेर पडलेली. एका आजींनी मला चहा दिला आणि अस्सल झाडीतल्या मराठीत विचारले, "काय गा, गाडी नाही का तुझ्यापाशी?"

आता जंगलाबद्दल. नागझिरा अभयारण्य १९७० चे, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चे, आणि २०१३ मध्ये दोन्ही मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. या दोन जंगलांच्या मधून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग जातो. त्यावर सायकल चालवण्याच्या फंदात पडू नये. ट्रकांची रांग संपत नाही. राखीव जंगलाच्या आतही सायकलने जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मी ज्या रस्त्यांविषयी लिहितो आहे ते गावांना जोडणारे सार्वजनिक रस्ते आहेत. पण वाघाला हद्दीचे फलक वाचता येत नाहीत. मोहफुले वेचण्याच्या आणि तेंदूपाने तोडण्याच्या दिवसांत, पहाटेच्या अंधारात वाकून काम करणाऱ्या माणसांवर या चार जिल्ह्यांत हल्ले होतात, माणसे मरतात. शहरातून येऊन 'वाघ दिसला पाहिजे' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. शिवाय २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, आणि पुढे तो अर्जुनी मोरगाव तालुक्यातही येऊन गेला. मामांनी निघतानाच बजावले होते : ऊन पडल्याशिवाय निघायचे नाही, आणि उतरायच्या आत गाव गाठायचे.

चौथ्या दिवशी मी हा नियम मोडला. कारण मंडई. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, दंडार, पाहुण्यांची गर्दी, आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक, जे पहाटेपर्यंत चालते. वडशाच्या नाटक मंडळ्या या दिवसांत एक रात्र मोकळी नसतात. एका गावात दंडार पाहत उभा राहिलो आणि निघायला साडेचार वाजले. तीन किलोमीटरवर, जंगलाच्या तुकड्यात, चेन तुटली. उतरली नाही, तुटली. कडी हरवली ती सापडेना. नोव्हेंबरात या भागात साडेपाचलाच सूर्य जातो. सायकल हाताने ढकलत निघालो. आत्तापर्यंत ज्या शांततेचे मी कौतुक करीत होतो तीच शांतता आता पाठीवर बसली. रस्त्यावर माझ्याच चाकांचा आवाज, आणि दर थोड्या वेळाने पाचोळ्यात काहीतरी. बहुधा उंदीर असेल, सरडा असेल. पण त्या वेळी मी इतका तर्कनिष्ठ नव्हतो. घशाला कोरड पडली आणि मी मोठ्याने पाढे म्हणू लागलो, हे कबूल केले पाहिजे. सतराचा पाढा मला अजूनही नीट येत नाही हे त्या निमित्ताने कळले.

मागून एक सायकल आली. तीवर साठीचे एक गृहस्थ, कॅरिअरवर जाळे. ढिवर समाजाचे, तलावावरून परतत होते. "कोठं चाललास गा बापू, या वक्ताला?" मी चेन दाखवली. ते खाली उतरले. आपली सायकल चालती असताना ते माझ्यासोबत तासभर पायी चालले, आणि सबंध वेळ मोठ्याने बोलत राहिले. दोन माणसांचे बोलणे ऐकले की जनावर बाजूला होते, एवढाच खुलासा त्यांनी केला. बाकी सगळे बोलणे मासळीचे.

त्या तासाभरात मला तलावाची दुसरी बाजू कळली. तलाव मच्छीमार सोसायटी ठेक्याने घेते. त्यात रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडतात. पूर्वी मरळ, शिंगी, मांगूर ही गावठी मासळी आपोआप असायची. आता कमी झाली. का? कारण तिला पाण्यातल्या वनस्पती लागतात. अंडी घालायला, लपायला, खायला. त्या वनस्पती गेल्या. गवत्या मासा सोडला, त्याने काही खाल्ल्या. काठावर बेशरम माजली. तिचे नाव किती यथार्थ आहे हे तलावकाठच्या माणसालाच कळेल. तोडली की पुन्हा फुटते, गुरे तिला तोंड लावत नाहीत, आणि तिच्या मुळांशी गाळ धरून तलाव काठाकडून आत भरत येतो. गाळ काढायला यंत्रे येतात तेव्हा ती तळ सरसकट खरवडतात, आणि उरलेले कंदही मातीबरोबर जातात. "पानी हाये, पन तरा मेला," असे ते म्हणाले. तळ्याला झाडीत 'तरा' म्हणतात. याच तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था ढिवर बायामाणसांबरोबर बेशरम उपटण्याचे आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम करते, हे मला पुढे समजले. नांगरट करून, चिखलात एकेक रोप खोचून, म्हणजे जवळजवळ धानाची रोवणी केल्यासारखे तळ्याच्या तळाशी बगिचा लावायचा. ज्या तलावांत हे झाले त्यांत मासळी आणि पक्षी परतल्याचा अनुभव आहे.

पक्ष्यांवरून सारसाची आठवण होते. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला हा पक्षी महाराष्ट्रात आता जवळजवळ याच भागात उरला आहे, आणि त्यांची संख्या पन्नासच्या आत आहे. गोंदिया तालुक्यातल्या परसवाडा, झिलमिलीच्या तलावांवर आणि वैनगंगा-वाघ नद्यांच्या खोऱ्यातल्या शेतांत तो असतो. तो घरटे करतो पाणथळीत किंवा थेट धानाच्या बांधीत. म्हणजे त्याचे जगणे एखाद्या शेतकऱ्याच्या मर्जीवर अवलंबून : बांधीच्या मध्यावर दोन अंडी दिसली तर तेवढा तुकडा कापायचा की ठेवायचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून हा विषय हाती घेतला. मला पाच दिवसांत सारस दिसला नाही. माझा रस्ता दक्षिणेचा होता. तेथूनही तो पूर्वी उडत असे, असे म्हातारी माणसे सांगतात.

शेवटचा दिवस मी मामांच्याच तलावासाठी ठेवला होता. नवी चेन बसवून घेतली आणि पाळीवरून, मग जिथे पाळ संपते तिथून काठाकाठाने, तलावाला पूर्ण फेरा घालायचे ठरवले. पाळीचा भाग सोपा. तुडुमाजवळ पाणी पाझरत होते. बुचाच्या जागी कोणीतरी सिमेंटची पोती कोंबलेली. पुढे सलंग ओलांडून वरच्या अंगाला आलो. तिथे पाणी असायला हवे होते, आणि तिथे धानाच्या बांध्या होत्या. चांगले तरारलेले पीक, भोवती तारेचे कुंपण. गाळाची जमीन, खत न घालताही धान येणारच. मी सायकल टेकवून कुंपणाजवळ गेलो, आणि मग ओळखले. फाटकाला जे कुलूप होते तसलेच आमच्या आजोळच्या वाड्याला असते, आणि बुजगावण्याच्या अंगात मामांचा जुना निळा सदरा होता.

मामा खोटे बोलले नाहीत. संध्याकाळी विचारले तेव्हा म्हणाले, "होय, तलावाचीच जागा आहे. पाणी उतरलं की गाळपेर करायचे पूर्वीपासून. मग पाणी तिथवर यायचंच थांबलं, तर कायम केलं. आमचीच एकट्याची नाही, आणखी सात जणांची आहे." मी म्हटले, मामा, पण तलाव तेवढा लहान झाला. ते म्हणाले, "तलाव गाळाने लहान झाला, बाबू. मी फक्त गाळ पेरला." हे उत्तर मी पुष्कळ दिवस मनात उलटसुलट केले आहे. त्यात तथ्य आहे. त्या पिकावर मामेबहिणीचे शिक्षण चालले आहे हेही मला ठाऊक आहे. परंतु आता गाळ काढायची वेळ आली की ग्रामसभेत नको म्हणणारे आठ हात आहेत आणि त्यांतला एक माझ्या मामांचा आहे, आणि खालच्या बांध्यांना सप्टेंबरात पाणी पुरत नाही, त्या बांध्यांत दोन मामांच्याच आहेत. हे मी त्यांना बोलून दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जेवून घे. सकाळी तुझी गाडी आहे."

माझ्या मित्रांपैकी कोणाला या रस्त्यांनी जावेसे वाटलेच तर थोडी माहिती देतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. गोंदियाहून चंद्रपूर-बल्लारशाहकडे जाणाऱ्या रेल्वेवर सौंदड, अर्जुनी, वडसा ही स्थानके आहेत. एका स्थानकावरून निघून दुसऱ्यावर परतता येते. भारी सायकलची गरज नाही, परंतु हवा भरायचा पंप, पंक्चरचे सामान, पाना आणि चेनची एक जादा कडी जवळ असावी. या शेवटच्या वस्तूविषयी मी अधिकारवाणीने बोलू शकतो. प्यायचे पाणी गावात मागावे, कोणी नाही म्हणत नाही. महाशिवरात्रीच्या सुमारास गेल्यास प्रतापगडाची यात्रा भेटेल. त्याच डोंगरावर महादेव आहे आणि दर्गाही आहे. सूर्य मावळायच्या आत गाव गाठावे. आणि पाळीवर चढताना दम लागला तर खाली उतरून सायकल ढकलावी, त्यात कमीपणा नाही; तीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी ती माती डोक्यावरून वाहिली आहे.

गेल्या पावसाळ्यात मामांचा फोन आला होता. ग्रामसभेत तुडुम दुरुस्त करण्याचा ठराव झाला, त्याला त्यांनी हात वर केला. गाळाचा विषय निघाला नाही. सायकल त्यांनी भंगारात दिलेली नाही; ओसरीवरच आहे, फक्त मागचे टायर आता बदलावे लागेल असे म्हणाले.